सोबत खाल्लेले मीठ



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा चालू असताना चर्चच्या पायऱ्यांवर एक अनोळखी गृहस्थ बसलेले आम्हाला दिसले. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात छत्री. मिस्सा संपल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि काही काम होते का, असे विचारले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काम काय न्हाय फादर. आमचा पोरगा आत आलाय. तो तुमच्यातला हाये. दर रविवारी खोलीवर माळ घेऊन एकटाच बसायचा. म्हटलं, चल, तुला तुझ्या देवळात नेतो."

ते पवन मावळातील एका गावचे गवंडी. त्यांनी आणलेला तरुण झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातला, त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून रोजावर काम करणारा. त्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. तो आठ महिने आपल्या चर्चपासून दोन किलोमीटरवर राहत होता. बोलता बोलता कळले, की याआधी तो दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा मागच्या दाराजवळ उभा राहिला. भाषा समजली नाही, कोणी बोलले नाही, म्हणून मग यायचे थांबला.

बंधू-भगिनींनो, आपलाच भाऊ आपल्या दारातून दोनदा परत गेला आणि एका वारकरी बांधवाने त्याला हाताला धरून तिसऱ्यांदा आणले. त्या दिवशी आम्ही फार अस्वस्थ झालो. आजचा पाठ त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे. सप्टेंबर महिन्याच्या अखेरच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांचा दिवस पाळते. त्यानिमित्ताने परक्या मजुराशी मैत्री म्हणजे काय, याचा आपण विचार करू.

1. आपली वाट कोणी बांधली?

आपण राहतो तो परिसर बाहेरून आलेल्या हातांनी घडवला आहे. बोरघाटातील रेल्वेचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 21 एप्रिल 1863 रोजी घाट वाहतुकीस खुला झाला. 25 बोगदे आणि 8 मोठे पूल बांधले गेले. 1861 च्या सुमारास या कामावर 42 हजारांहून अधिक माणसे होती. पुरुष सुरुंगासाठी खडक फोडत होते, बायका-मुले माती वाहत होती. पटकीच्या साथीत असंख्य माणसे मेली. 1859 मध्ये मजुरी थकल्यावरून मजुरांचा उद्रेक झाला आणि पहिल्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून तडीस नेले. कंत्राटदारांची नावे इतिहासाने जपली, पण पाटी वाहणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो स्थानिक धनगर, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ज्याला वाट ठाऊक होती तो इथला, आणि ज्यांनी ती वाट फोडून काढली त्यांतले कितीतरी बाहेरचे.

पुढे टाटांची धरणे झाली. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. 2019 मध्ये खोपोली ते कुसगाव या नव्या जोडरस्त्याचे काम सुरू झाले. प्रत्येक वेळी कोणीतरी दुरून आले, पत्र्याच्या खोल्यांत राहिले, काम संपल्यावर निघून गेले.

आता दुसरी बाजू पाहू. मावळचा माणूस स्वतः काय कमी परक्या ठिकाणी राबला? मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. गिरण्यांत आणि गोदीत आपली माणसे गेली, एकेका खोलीत पाळीने झोपली, आणि शहरात त्यांना "घाटी" म्हणून हिणवले गेले. आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांची मुळे नगर जिल्ह्यातील गावांत आहेत. दुष्काळाने आणि कामाच्या शोधाने आपले आजोबा-पणजोबा इकडे आले. कोणी गोव्याहून आले, कोणी रेल्वेच्या नोकरीने दक्षिणेकडून आले. तेव्हा आज नाक्यावर उभ्या असलेल्या तरुणाला आपण "भैया" म्हणून एका शब्दात गुंडाळतो, तेव्हा आपल्याच आजोबांना कोणीतरी मारलेली हाक आठवावी. लेवीय 19 मध्ये देव इस्राएलला हेच सांगतो: परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. आपण स्वतः काय भोगले याची आठवण देव त्या आज्ञेच्या मुळाशी ठेवतो.

2. मैत्री म्हणजे काय?

अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली उपयोगाची: तू माझ्या कामाचा, मी तुझ्या कामाचा. दुसरी सुखाची: तुझ्यासोबत वेळ बरा जातो. तिसरी चांगुलपणाची: तुझे भले व्हावे असे मला तुझ्यासाठीच वाटते. पहिल्या दोन लवकर जुळतात आणि लवकर तुटतात. तिसरीला वेळ लागतो. त्याच्या काळची एक म्हण तो सांगतो, की सोबत पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत.

आपल्या भाषेतही मीठ आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. पण बहुधा ते चाकराला सांगतो. ज्याने मीठ दिले त्या धन्याशी इमान राख, असा त्याचा अर्थ. दोघांनी सोबत मीठ खाल्ले, तर मात्र दोघांनाही जागावे लागते.

याच तत्त्वज्ञाने आणखी एक कठीण गोष्ट सांगितली. गुलाम हे जिवंत अवजार आहे, आणि अवजाराशी मैत्री होत नाही. पण त्याच ओळीच्या पुढे तो कबूल करतो, की गुलाम म्हणून नसली तरी माणूस म्हणून त्याच्याशी मैत्री होऊ शकते. त्याने गुलामगिरी मोडली नाही, ही त्याची मर्यादा. पण आपल्यापुढे त्याने प्रश्न ठेवला. थापी, ओळंबा, घमेले यांच्यासारखाच "एक बिगारी" आपण मागवतो. "दोन माणसे पाठव" असे मुकादमाला फोनवर सांगतो. संध्याकाळी पैसे देतो. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक असते काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने हा विचार पुढे नेला. प्रीती म्हणजे काय, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर असे, की प्रीती म्हणजे देवाशी मैत्री. त्याचा आधार योहान 15 मध्ये आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू शिष्यांना म्हणाला, की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. देव आणि माणूस यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढे मिस्त्री आणि बिगारी, मराठी आणि सादरी बोलणारा यांच्यात नक्कीच नाही. देवाने ते अंतर ओलांडले असेल, तर आपण नाक्यावरचा रस्ता ओलांडू शकत नाही, असे म्हणण्याला काही कारण उरत नाही.

3. पाच वाजताचे मजूर

मत्तय 20:1-16 हा दाखला वर्ष 'अ' मध्ये सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी वाचला जातो. तो मजूर नाक्याचाच दाखला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, एका दिनारावर मजूर ठरवतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला जातो. पाच वाजता जातो तेव्हाही काही जण उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे, असे विचारल्यावर ते सांगतात, की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही.

पाचपर्यंत कोण उरते, हे दाखला सांगत नाही. पण सकाळी आपल्याकडच्या नाक्यावर अर्धा तास उभे राहिले तर अंदाज येतो. धडधाकट, ओळखीचा, ज्याचे बोलणे समजते, तो आधी उचलला जातो. म्हातारा, आजारी, नवखा, ज्याची भाषा कळत नाही, तो मागे राहतो. पोट मात्र सगळ्यांना सारखेच असते. म्हणून धनी पाचच्या मजुरालाही पूर्ण दिनार देतो. एक दिनार म्हणजे एका कुटुंबाची त्या दिवसाची भाकरी.

पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. त्यांचे म्हणणे नीट वाचा. आम्हाला कमी दिले, असे ते म्हणत नाहीत. तुम्ही यांना आमच्या बरोबरीला आणून बसवले, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे. धनी त्यांच्यापैकी एकाला उत्तर देतो, आणि त्या उत्तराचा पहिला शब्द आहे "मित्रा". इथे मित्र म्हणून हाक कुरकुर करणाऱ्याला मारली आहे. त्याला हाकलून दिलेले नाही. धन्याची इच्छा एवढीच, की पहाटेच्या मजुराने पाचच्या मजुराकडे वळून पाहावे.

4. स्थानिक कामगाराचे गाऱ्हाणे

हे गाऱ्हाणे थट्टेवारी नेऊ नये. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी तरुण रंगकाम, फरशीकाम, सेंट्रिंग करतात. बाहेरचे लोक कमी पैशात काम करतात, म्हणून आमचा दर पडतो, असे ते सांगतात. मावळातील ज्यांच्या जमिनी धरणांत, रस्त्यांत, कारखान्यांत गेल्या, त्यांच्या मुलांनाही हेच वाटते. त्यात तथ्य आहे. पण दर पडतो तेव्हा फायदा कोणाचा होतो? बाहेरच्या मजुराचा होत नाही. तो कमी घेतो, कारण उचल फेडायची असते, खोली मुकादमाची असते, तक्रार कोणत्या भाषेत करावी हे ठाऊक नसते. फरक खिशात घालणारा तिसराच असतो, आणि पुष्कळदा स्वस्तात घर दुरुस्त करून घेणारे आपणच असतो.

यावर उपाय परक्याला हाकलणे हा नाही. उपाय म्हणजे सारख्या कामाला सारखा दाम. 1979 मध्ये संसदेने केलेल्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात हेच तत्त्व लिहिले गेले, की बाहेरून आणलेल्या कामगाराला त्याच कामासाठी स्थानिकापेक्षा कमी वेतन नसावे. हे तत्त्व पाळले तर स्थानिकाचा दर राखला जातो आणि परक्याचा हक्कही. दोघांचे हित एकच आहे. हे दोघांना कळायचे तर आधी दोघे एकमेकांशी बोलले पाहिजेत.

5. ती मैत्री कशी जुळली

पायरीवर बसलेल्या त्या मिस्त्रींना आम्ही हे विचारले. ते प्रांजळपणे म्हणाले, "आधी मला बी राग होता. माझ्या पुतण्याला काम न्हाय आन् हे कुठनं आलं, असं वाटायचं." मग काय झाले? दुपारच्या सुट्टीत तो मुलगा लांब बसून जेवायचा. डब्यात भात, मीठ आणि हिरवी मिरची. चार दिवस त्यांनी पाहिले. पाचव्या दिवशी आपली भाजी त्याच्या भातावर वाढली. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याशेजारी येऊन बसला.

मावळ भाताचा मुलूख आणि सिमडेगाही भाताचा. आवणीच्या दिवसांत मिस्त्रींच्या खाचरात माणसे मिळेनात, तेव्हा तो मुलगा सुट्टी काढून गेला. त्यांच्याकडे आवणीला "रोपा" म्हणतात. चिखलात त्याचा हात असा चालला, की मिस्त्रींची आई बांधावरून बघत राहिली. तोवर सगळे त्याला "झारखंड" म्हणून हाक मारत. त्या माउलीने त्याचे नाव विचारले आणि नावाने हाक मारली. तो तिला आई म्हणतो, मिस्त्रींना दादा म्हणतो.

मग कसोटी आली. हिशेबाच्या दिवशी मुकादमाने त्याचे तीन दिवसांचे खाडे लावले. मिस्त्रींच्या खिशात स्वतःची हजेरीची वही असते. त्यांनी ती काढून दाखवली. तिन्ही दिवस हा मुलगा माझ्या हाताखाली होता, असे सगळ्यांसमोर सांगितले. तीनपैकी दोन दिवसांचे पैसे मिळाले. पण पुढचे पंधरा दिवस मिस्त्रींना त्या मुकादमाने कामावर बोलावले नाही. ते घरी बसले. "मग काय करनार फादर, वहीत होतं ते होतं," एवढेच ते म्हणाले.

अनुवाद 24:14-15 मध्ये आज्ञा आहे, की मजूर आपला असो वा परका, त्याचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. या बांधवाने ते वचन वाचले नसेल. पण त्याने ते पाळले, आणि त्याची किंमतही मोजली. लूक 10 मधील शोमरोनी माणसानेही तेलाचे, द्राक्षारसाचे आणि खाणावळीचे पैसे स्वतःच्या पदरचे दिले होते. जखमी माणसाला टाळून जे पुढे गेले ते धर्माची सेवा करणारे होते, ही गोष्ट आम्हा धर्मगुरूंना विशेष टोचते.

कबूल करतो, की दोन वर्षांपूर्वी आपल्या आवाराच्या भिंतीचे काम निघाले, तेव्हा आम्ही नाक्यावरून सहा मजूर आणवले. आठवडाभर ते राबले. त्यांना चहा दिला, तो कागदी कपात दिला आणि आमचा चहा घेऊन आत गेलो. रोज वेळेवर दिला, म्हणून आम्ही समाधानी होतो. सहापैकी एकाचेही नाव आम्हाला आज सांगता येत नाही.

6. आपण काय करू शकतो?

छोटा नागपूरच्या आदिवासी भागात 1885 मध्ये फादर कॉन्स्टंट लिव्हन्स हे बेल्जियन येशूसंघीय आले. जमीनदारांच्या खटल्यांत ते आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. तिथली ख्रिस्तसभा त्यातून वाढली. त्याच समाजातील तेलेस्फोर टोप्पो 2003 मध्ये कार्डिनल झाले. म्हणजे मागच्या दाराजवळ उभा राहणारा तो मुलगा रिकाम्या हाताने आलेला नाही. त्याच्याकडे श्रद्धेचा वारसा आहे, आपल्याला शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. तो आपल्याकडे केवळ मदत घ्यायला येतो, असे समजणे म्हणजे मैत्रीची बरोबरी नाकारणे.

पोप फ्रान्सिस यांनी 3 ऑक्टोबर 2020 रोजी असिसी येथे 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रावर सही केली. त्याचा विषयच बंधुता व सामाजिक मैत्री हा आहे. त्या वर्षीचा लॉकडाऊन आपण विसरलो नाही. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. ज्या गावात आपण राबलो तिथे आपल्याला थांबवणारे कोणी नाही, असे वाटले म्हणूनच लाखो माणसे त्या उन्हात चालत निघाली. एखाद्या घराने "इथेच राहा, जेवण आमच्याकडे" असे म्हटले असते, तर त्यातील काही तरी थांबली असती.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

अ) घरी कामाला आलेल्या माणसाचे नाव व गाव विचारा, आणि दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारा.

आ) मजुरी त्याच दिवशी, ठरली तेवढी, त्याच्या हातात द्या. मुकादमामार्फत दिली तर त्याला किती मिळाली ते विचारा.

इ) तो जेवतो तिथे बसा. आपल्या घरच्याच कपात चहा द्या.

ई) एक देश एक रेशनकार्ड योजना 2022 पासून सर्व राज्यांत लागू आहे. गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळू शकते. ही माहिती त्याला द्या, आणि गरज पडल्यास दुकानापर्यंत सोबत जा.

उ) पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी एक वाचन व श्रद्धावंतांच्या प्रार्थना हिंदीतून होतील. मिस्सेनंतर चहा असेल. मागच्या दाराजवळ कोणी उभा दिसला, तर त्याला बाकावर आपल्याशेजारी जागा द्या. हे काम स्वयंसेवकांवर टाकू नका.

चिंतनासाठी प्रश्न

1. माझ्या कुटुंबातून परक्या गावी प्रथम कोण गेले? तिथे त्यांना कोणी आधार दिला, कोणी हिणवले?
2. गेल्या वर्षभरात माझ्या घरी कामाला आलेल्या किती माणसांची नावे मला सांगता येतील?
3. मत्तय 20 मधील पहाटेच्या मजुरांत मी स्वतःला पाहतो काय? माझी कुरकुर कोणाविषयी आहे?
4. दुसऱ्याच्या हक्कासाठी बोलल्यामुळे माझे नुकसान झाले, असे कधी घडले आहे काय?

प्रार्थना

हे प्रभू, तू सुताराच्या घरी वाढलास आणि तान्हेपणीच परक्या देशात आसरा घेतलास. आमच्या दारातून जे न बोलता परत गेले त्यांच्याबद्दल आम्हाला क्षमा कर. ज्यांनी त्यांना हात दिला, त्या आमच्या वारकरी बांधवांना आणि त्यांच्या घराला आशीर्वाद दे. कामाच्या शोधात घरापासून दूर असलेल्या सर्वांना सुखरूप ठेव. आमच्या ताटातील मीठ त्यांच्याबरोबर वाटून खाण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.

जाता जाता: तो तरुण आता दर रविवारी येतो. मिस्त्री कधी सोबत असतात, कधी नसतात. असले तर ते पायरीवरच बसतात. आत येऊन बसा, असे आम्ही सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "इथं बरं वाटतं फादर. चपला सांभाळतो." येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्यांना नमस्कार करायला विसरू नका.

आपले धर्मगुरू